आत्याचे यजमान फिरतीवर असतात

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज लिफ्टमध्ये अडकलो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, बेचाळीस मिनिटं. अंधार. एकवीस वर्षं लिफ्ट तपासनीस आहे, पण हा अनुभव पहिलाच. समोर काचेच्या चौकटीत 'लिफ्ट सुरक्षित आहे' असं प्रमाणपत्र, खाली माझी सही. मोबाइलच्या उजेडात बराच वेळ बघत होतो. सही चांगली आली आहे.

पाचावर धारण बसली होती. देवाला म्हटलं, बाहेर काढ, त्या जुन्या पापाबद्दल तुझी माफी मागतो. म्हणून होतंय तोच दिवे लागले. मेकॅनिक म्हणाला, की फ्यूज उडाला होता. असेल. देवाला फ्यूजही चालतो.

लक्षात ठेवण्यासारखं: वर मशीनच्या खोलीत न चढता मी किती प्रमाणपत्रं दिली असतील देव जाणे. पण अंधारात त्यातलं एकही आठवलं नाही. ती एकच गोष्ट आठवली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी ऑफिसातून मिळालेली, गेल्या वर्षीची. तारखांचे वार जुळत नाहीत, हाताने दुरुस्त करणार. इथे खरंच लिहायचं. वाचणारा मी एकटा, लाज कोणाची?

तर ती गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरात एक गैरसमज झाला.

चूक. गैरसमज करून दिला गेला.

माझ्याकडून. असो.

आत्या म्हणजे माझी धाकटी बहीण. मुलगी तिला आत्या म्हणायची म्हणून घरात सगळेच म्हणतात, मीसुद्धा. तेव्हा ती सत्तावीसची, डोळ्यांच्या हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीवर. चष्म्याच्या काचा घासणारा एक जण तिथेच होता. एका रविवारी तो आमच्या घरी आला, तिला मागणी घालायला. आत्या औषधं आणायला गेलेली. आई पक्षाघाताने अंथरुणावर, बायकोची बँकेतली नोकरी नवीन, मुलगी दीड वर्षाची. घरात कोणीतरी हवं होतं. मी त्याला म्हणालो, तिचं लग्न ठरलंय. आत्या आल्यावर तिला म्हणालो, तो येऊन गेला, त्याचं लग्न ठरलंय.

दोन वाक्यं. फार मोठी नव्हेत.

त्याने आठवड्याच्या आत हॉस्पिटल सोडलं. आत्याने पुढे अकरा वर्षं आईचं सगळं केलं. आई जाऊनही अकरा झाली. आत्या मागच्या खोलीत असते. कधी तक्रार नाही. म्हणजे एका अर्थी झालं ते...

ते नंतर.

संकल्प: चाळीस दिवस पश्चात्ताप. पहाटे पाचला प्रार्थना, सोमवार-गुरुवार उपास, एक दिवस मौन, खोटं बोलायचं नाही. आणि चाळिसाव्या दिवशी, योग्य वाटल्यास, आत्याला सांगायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ५.२०

पाचला उठलो! म्हणजे आत्याने उठवलं. गजर मला ऐकू येत नाही, त्यामुळे ती पावणेपाचला उठते, मग मला हलवते. तीन वेळा हलवावं लागलं म्हणते. तिने विचारलं, की एवढं पहाटे काय काढलंस? मी म्हणालो, आत्मिक आहे. ती म्हणाली, मग आधी चहा घे.

चहा झाल्यावर सात मिनिटं प्रार्थना. देवा, दया कर. देव काही बोलला नाही. पण हलकं वाटलं. परत झोपलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

उपास क्रमांक दोन. उकडलेले बटाटे, दूध, खजूर, केळी, भाजलेले शेंगदाणे. संध्याकाळी पुन्हा तेच, थोडं जास्त. आत्याला दोन्ही वेळा माझं वेगळं करावं लागलं. फळंही तीच आणते, कामावरून येताना. बायको म्हणाली, की तुमच्या तपश्चर्येने वन्संच्या पायाला फोड आलेत. अशा बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, कारण राग वर्ज्य आहे. एकदाच चिडलो.

वजन दीड किलो वाढलं. काटा बिघडला असावा.

रविवार, १६ फेब्रुवारी

शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी एका म्हाताऱ्या प्रवचनकारांचं प्रवचन असतं. बायकोला घेऊन गेलो. विषय माझाच! देवाची दया. म्हणाले, की समुद्रात मूठभर राख टाकली तर समुद्र काळा होतो का? तशी माणसाची पापं. मी रडलो. मग ते 'पण' म्हणाले, आणि तेवढ्यात माइक घुरघुरला. पुढचं नीट ऐकू आलं नाही.

बायकोला मात्र सगळं ऐकू आलं. बाहेर पडताना म्हणाली, की ते म्हणाले, ज्याचं बिघडवलंत त्याच्या दारात आधी जा, देवाचं दार त्याच्या पुढे लागतं. मी म्हणालो, माइकच खराब होता, तुला चुकीचं ऐकू आलं असेल. तिने विचारलं, की तुम्ही नक्की कोणाचं बिघडवलंय? मी म्हणालो, सर्वसाधारण. ती म्हणाली, सर्वसाधारण यादीही बरीच लांब होईल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रवचनकारांकडे गेलो, शंका विचारायला. स्वतःचं सांगणं बरं दिसत नाही, म्हणून एका मित्राचं म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं: मित्राची बहीण, मित्राची आई, मित्राची अडचण. अडचणीवर भर दिला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, की मित्राने बहिणीला सांगितलं का? मी म्हणालो, तो योग्य वेळेची वाट बघतोय. किती दिवस? बावीस वर्षं. मग म्हणाले, की देव दयाळू आहे यात शंका नाही, पण तिच्या वाटची माफी परस्पर देऊन टाकायची सवय त्याला नाही.

मी पुढ्यातला चहा ढवळत बसलो. ते म्हणाले, मित्राला म्हणावं, चहा घ्या, गार होतोय.

हुशार माणूस आहे. पण जरा टोकाचा.

गुरुवार, २० फेब्रुवारी. संध्याकाळी

आज सांगितलं!

जवळजवळ. आत्या इस्त्री करत होती (माझे शर्ट). मी समोर उभा राहिलो, म्हणालो, आत्या, बावीस वर्षांपूर्वी. ती म्हणाली, वायरवरून पाय काढ. काढला. पाहिलं तर प्लग सैल. असा प्लग धोक्याचा असतो, माझं क्षेत्रच ते. स्क्रू-ड्रायव्हर आणून दुरुस्त केला. अख्ख्या घराची वीज गेली.

अंधारात ती विचारत होती, की बावीस वर्षांपूर्वीचं काय? मी म्हणालो, तेव्हाची वायरिंग आहे ही.

विषय निघाला, हे महत्त्वाचं. निम्मं काम झालं असं धरतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

मौन. दिवसभर एक शब्द नाही. चिठ्ठ्या लिहून चालवलं. पाणी. पंखा. हा नव्हे, बेडरूममधला. वर्तमानपत्र. आत्याला आज सुटी होती म्हणून सोपं गेलं. संध्याकाळी ती म्हणाली, की दादा, तू बोलतोस तेव्हा निदान मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं, चिठ्ठी घ्यायला उठून यावं लागतं.

मुलीचा फोन आला. बायकोने तिला मौनाचं सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, दर आठवड्याला ठेवा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पत्र लिहिणं उत्तम. माणूस शांतपणे वाचतो. ऑफिसात बसून चार पानं लिहिली. आईचं आजारपण दीड पान, बायकोची नोकरी एक पान, माझी त्या वेळची मनःस्थिती सव्वा पान. भाषा छान उतरली आहे. 'चूक' हा शब्द एकदा आला आहे, तोही 'चुकून'मध्ये.

आत्याच्या टेबलावर ठेवलं. मग विचार आला, ती दमून येणार, उभ्या उभ्या वाचणार. परत उचललं. माणसाने दुसऱ्याचाही विचार करावा.

शनिवार, १ मार्च

पश्चात्तापाचा पंचविसावा... नाही, सव्विसावा दिवस. सविस्तर लिहितो.

मला एक गोष्ट सुचली होती. तो चष्मेवाला आज सुखात असेल, तर नुकसान काय झालं? काहीच नाही! देवानेच ते जुळू दिलं नाही, मी निमित्तमात्र. चौकशी केली. गावाच्या पलीकडच्या टोकाला त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गेलो, गिऱ्हाईक म्हणून.

टक्कल पडलंय. आवाज तोच. काउंटरवर त्याची बायको, गोल चेहऱ्याची, हसरी. भिंतीवर दोन मुलींचे फोटो, एक पदवीच्या टोपीत. मी मनात हात जोडले. देवा, सगळं छान केलंस!

त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ते जड यंत्र लावलं, काचा बदलत अक्षरं वाचायला लावली. तिसऱ्या ओळीवर असताना म्हणाला, की तुम्ही मला ओळखलं नाहीत, पण मी तुम्हाला दारातच ओळखलं. बहीण बरी आहे ना तुमची? तिचे यजमान काय करतात?

डोक्याला यंत्र. हलता येईना.

मी म्हणालो, फिरतीवर असतात.

तो म्हणाला, अरे वा, कसली नोकरी? मी म्हणालो, पूल बांधतात. मुलं? दोन. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी नाचते. हे नाचाचं कुठून आलं माहीत नाही. तो खूप खूश झाला. बायकोला हाक मारून म्हणाला, की बघ, मी सांगायचो ना, त्या हुशार बाईंचं चांगलंच झालं असणार. बायको म्हणाली, यजमान आले की सगळ्यांना घेऊन या. मी म्हणालो, हो, पूल झाला की.

नव्या चष्म्याचं माप दिलं. फोन नंबर मागितला. मोबाइल दिला तर मागे लागतील, म्हणून घरचा दिला. दिवसा घरी कोणी नसतं.

रविवार, २ मार्च

शांतपणे विचार केला. खोटं बोलायचं नाही हा संकल्प माझ्यासंबंधी होता. आत्याच्या यजमानांसंबंधी नव्हता.

शिवाय त्या माणसाला किती आनंद झाला! एखाद्याला आनंद देणं हेही पुण्यच. प्रवचनाला गेलो नाही. पाय दुखत होता.

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी ७

आज गुरुवार. उपास. चांगले खजूर नेहमीच्या दुकानात संपले होते, म्हणून आत्याने अर्धी रजा घेतली, मोठ्या बाजारातून खजूर घेऊन दुपारीच घरी आली. म्हणजे माझ्या उपासापायी ती घरी होती. हे देवाने लक्षात घ्यावं.

फोन वाजला. चष्मा तयार आहे.

त्याने तिचा आवाज ओळखला. बावीस वर्षांनी, दोन शब्दांत. म्हणाला, माहेरी आलात वाटतं? यजमानही आलेत का? पूल झाला?

मी साडेपाचला घरी आलो. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती, खजुराची पिशवी समोर, न सोडलेली. म्हणाली, दादा, बस. बसलो. म्हणाली, की माझे यजमान काय करतात?

मी म्हणालो, पूल.

तिने विचारलं, कसला पूल? रेल्वेचा की साधा? मी म्हणालो, ते ठरलं नाही. ती हसायला लागली. इतकी हसली, की टेबलाला धरून बसली. मलाही बरं वाटलं, मीही थोडा हसलो. तेव्हा ती थांबली.

मग म्हणाली, एकच विचारते. त्या रविवारी तो लगेच गेला का?

मी म्हणालो, नाही. तो म्हणाला होता, की मी थांबतो, ती येऊ दे, तिच्या तोंडून ऐकून जातो. मी म्हणालो, तिला यायला संध्याकाळ होईल. तो तरीही पाऊण तास, पावणेचारपर्यंत बसला. मग आईने आतून हाक मारली, मी आत गेलो, तेवढ्यात तो गेला.

हे मी पत्रात लिहिलं नव्हतं. चार पानांत कुठेच नाही.

आत्या म्हणाली, मी त्या दिवशी चार वाजता परत आले होते. औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती.

आणि आत गेली.

शुक्रवार, ७ मार्च

कोणी उठवलं नाही. साडेआठला जाग आली. ऑफिसला उशीर.

रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं. वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल, कारण तिच्याच नोकरीसाठी तर. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, की मला तेव्हा विचारलं असतंत तर मी नोकरी सोडली असती. नसतीही सोडली. पण कोणी विचारलंच नाही, ना मला ना तिला. सकाळी तिचे डोळे सुजलेले. डबा दिला नाही.

शनिवार, ८ मार्च

आत्याच्या दारात उभं राहून माफी मागितली. म्हणालो, मी चौतीस दिवस देवाकडे रोज मागतोय, आता तूही माफ कर म्हणजे संपेल. ती कपाट आवरत होती. म्हणाली, की दादा, तुला माफी हवीय की सुटका?

मी विचारलं, फरक काय?

ती म्हणाली, आधी जा आणि माझं लग्न मोड. तुझ्या त्या चष्मेवाल्याला सांग, की यजमान नाहीत, पूल नाही, नाचणारी मुलगी नाही.

मी एक सुचवून पाहिलं. म्हणालो, एवढं लाजिरवाणं सांगण्यापेक्षा, पुलावर अपघात झाला असं म्हटलं तर? ती वळली. म्हणाली, खबरदार. आधी न विचारता लग्न मोडलंस, मग न विचारता लावलंस, आता विधवा करतोयस?

बरोबर आहे. विचार केला तर बरोबर आहे.

सोमवार, १० मार्च

उपास नाही. भूकच नाही.

दुकानात गेलो. उभ्यानेच सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं. तुम्हाला तेव्हा खोटं बोललो, तिचं लग्न ठरलं नव्हतं. परवाही खोटं बोललो, तिचं लग्न झालंच नाही. तिने नाही म्हटलं नव्हतं. तिला विचारलंच नव्हतं.

त्याच्या हातात माझा चष्मा होता, फडक्याने पुसत होता. पुसतच राहिला. त्याची बायको जरा वेळाने हसून म्हणाली, अगं बाई, म्हणजे मला हे मिळाले ते तुमच्या कृपेने म्हणायचं!

मला वाटलं, हेच ते! यातूनही चांगलंच निघालं, देवाचीच योजना. हे वाक्य मी घरी येऊन इथे लिहिणार होतो. पण मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसला नव्हता. म्हणाला, की तिला वाटलं असेल, मी न सांगता निघून गेलो. बावीस वर्षं तिला असं वाटत असेल.

बायकोही हसायची थांबली.

चष्मा घेतला. अक्षरं स्वच्छ दिसतात. दुसरं काही लिहीत नाही.

बुधवार, १२ मार्च

हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात नवी शाखा आहे, नऊ तासांचा प्रवास. तिथल्या नोंदणी विभागाची मुख्य म्हणून आत्याला तीन वर्षांत चार वेळा विचारलं होतं. ती नाही म्हणत आली, घरी अडचण आहे म्हणून. मला हे माहीत नव्हतं. अडचण कोण, ते विचारलं नाही.

परवा तिने हो कळवलं. सोमवारी रुजू होणार.

मी म्हणालो, या वयात एकटी कशी राहशील? ती म्हणाली, की दादा, चाळीस दिवस तुला पहाटे उठवणारीला एकटं राहणं सोपं आहे. चाळीस नाही, तीसच झाले होते, पण बोललो नाही.

शनिवार, १५ मार्च

चाळिसावा दिवस.

बस साडेनऊची. बॅग मी उचलणार होतो. तिने बायकोला उचलू दिली, मला नाही. स्टँडवर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मी पाण्याची बाटली घेऊन उभा.

आत्या खिडकीशी बसली. रात्री भाषण तयार केलं होतं, पण कागद दुसऱ्या शर्टात राहिला. इंजिन सुरू झालं होतं, नुसता घरघराट. मी आत चढलो, म्हणालो, माफ कर. ती म्हणाली, काय? इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. पुन्हा म्हणालो. तरी नाही. तिसऱ्यांदा जोर लावून ओरडलो, आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळी बस वळून बघायला लागली. कारण नाही, सबब नाही, आई नाही, बायकोची नोकरी नाही. नुसतं 'माफ कर', आणि तेही पस्तीस माणसांसमोर.

आत्याच्या शेजारी एक आजीबाई होत्या. त्या म्हणाल्या, करा हो माफ, गाडी तरी सुटेल. कंडक्टर म्हणाला, तिकीट नसेल तर उतरा.

आत्या म्हणाली, बघू.

एवढंच. बस गेली.

घरी येईपर्यंत मी त्याच एका शब्दाचा विचार करत होतो. नाही म्हणाली नाही. हे चांगलं लक्षण. प्रार्थनेला बसलो, पण देवाला काय सांगणार? तिचं उत्तर काय, असं त्याने विचारलं तर मला तरी कुठे माहीत होतं. उठलो. बायकोला विचारलं, की 'बघू' म्हणजे काय समजायचं?

ती म्हणाली, इतकी वर्षं घरात तुम्हीच 'बघू' म्हणत आलात. तुमचं काय असायचं?

आठवून पाहिलं. बहुतेक वेळा 'नाही' असायचं.

एकदा 'हो' होतं. मुलीच्या सायकलीच्या वेळी. साडेतीन वर्षांनी आणली होती.